तलवार बांधणे, उपसणे आणि म्यान करणे : शिवकालीन प्रसंग साकारणाऱ्यांसाठी

दरवर्षी ६ जूनला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला रायगडावर १६७४ च्या राज्याभिषेकाचा सोहळा साजरा होतो, शिवजयंतीला गावोगावी मावळ्यांच्या वेशातली मुले-मुली मिरवणुकीत चालतात आणि कोल्हापूरच्या तालमींत मर्दानी खेळाची परंपरा आजही जिवंत आहे. या तिन्ही ठिकाणी तलवार असते. तालमीत वस्तादाच्या नजरेखाली वर्षानुवर्षे हात तयार झालेला असतो. मिरवणुकीत किंवा एखादा ऐतिहासिक प्रसंग उभा करताना मात्र तलवार अनेकदा आदल्या रात्री हातात पडते आणि दुसऱ्या दिवशी गर्दीत उपसली जाते. हा लेख अशा लोकांसाठी आहे. तलवार चालवणे हा त्याचा विषय नाही, ते तालमीतच शिकावे. तलवार अंगावर नीट बांधणे, ती घेऊन माणसांत वावरणे, ती सुरक्षितपणे बाहेर काढणे आणि तितक्याच सुरक्षितपणे परत ठेवणे, एवढ्याच गोष्टी येथे सांगितल्या आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. तलवार उपसणे हे उजव्या हाताचे काम आहे असे सर्वांना वाटते, पण प्रत्यक्षात ते निम्म्याहून अधिक डाव्या हाताचे काम आहे. उजवा हात मूठ धरून ओढतो. म्यान कोठे असावे, त्याचे तोंड कोणत्या दिशेला असावे आणि ते कधी मागे जावे हे डावा हात ठरवतो. मी पाहिलेल्या बहुतेक सर्व चुका डाव्या हाताकडे दुर्लक्ष केल्याने झालेल्या होत्या.

तलवार निवडताना

आपल्याकडे प्रसंग साकारताना साधारणपणे दोन प्रकारच्या तलवारी वापरल्या जातात. एक वक्र पात्याची, जिचे पाते सुमारे ७५ ते ८० सेंटिमीटर असते. आणि दुसरी सरळ, लांब पात्याची धोप. सरळ पाती पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापारातून मोठ्या प्रमाणावर येत असत, म्हणून अशा तलवारीला ‘फिरंग’ हेही नाव पडले. नागपूरकर रघुजी भोसले यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली, तिचे पाते युरोपीय घडणीचे सरळ व एकधारी असून तिच्यावर सोन्याने कोरलेल्या देवनागरी अक्षरांत ‘फिरंग’ हा शब्द आहे. हे दोन प्रकार बांधण्याची आणि उपसण्याची रीत एकसारखी नाही, म्हणून आपल्या हातात कोणती तलवार आहे हे आधी ठरवावे.

सोहळ्यासाठी तलवार बोथटच हवी. बोथट म्हणजे धार न लावलेली एवढेच नव्हे. पात्याची कड किमान दीड ते दोन मिलिमीटर जाड आणि गोलसर असावी, टोक घासून गोल केलेले असावे, आणि कडेवर बोट फिरवल्यावर कोठेही ओरखडा किंवा कुसळ लागू नये. गडाच्या पायथ्याशी आणि शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत मिळणाऱ्या चकचकीत तलवारींपैकी अनेकींचे पाते मुठीच्या आत पूर्ण गेलेलेच नसते. मागे एक बारीक सळई जोडलेली असते आणि तीवर मूठ बसवलेली असते. अशी तलवार भिंतीवर शोभते, पण हवेत फिरवताना जोडावर तुटली तर पाते कोणाच्या दिशेने जाईल हे सांगता येत नाही. विकत घेताना विक्रेत्याला हा प्रश्न स्पष्ट विचारावा आणि उत्तर समाधानकारक नसेल तर ती तलवार म्यानातून बाहेर न काढण्यासाठीच वापरावी.

पारंपरिक घडणीच्या तलवारीची मूठ वेगळ्या रीतीने बसवलेली असते. पात्याचे शेपूट पोकळ लोखंडी मुठीत घालून लाख-राळेच्या मिश्रणाने ते पक्के करतात. हा जोड मजबूत असतो, पण उष्णतेने तो मऊ होतो. एका वर्षी वैशाखातल्या मिरवणुकीच्या आधी माझी तलवार बंद गाडीत तीन-चार तास पडून राहिली होती, आणि उपसल्यावर मूठ हातात असताना पाते मात्र किंचित फिरले. मी ती तेथेच खाली ठेवली आणि त्या दिवशी मोकळ्या हातांनी चाललो. तेव्हापासून प्रत्येक वेळी मी एक साधी तपासणी करतो : मूठ घट्ट धरून पात्याच्या सपाट बाजूवर तळहाताने हलके थोपटायचे. मुठीतून ‘खुट्‌’ असा आवाज आला किंवा हातात कंप वेगळा लागला, तर जोड सैल झाला आहे असे समजावे आणि तलवार शिकलगाराकडे, म्हणजे हत्यारे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, न्यावी. मूठ घरी तापवून परत बसवण्याच्या फंदात पडू नये.

मुठीचे मापही पाहावे. आपल्या मुठींच्या शेवटी जी गोल वाटी असते, ती मनगटाला टेकून पकड आवळून धरते. चार बोटे परजेच्या, म्हणजे मुठीवरच्या बोटे राखणाऱ्या आडोशाच्या, आत नीट मावली पाहिजेत. पण पाचव्या बोटाला जागा उरेल इतकी मूठ ऐसपैस असेल तर तलवार हातात नाचेल. हातात जाड कडे किंवा अंगठ्या असतील तर त्या काढाव्यात, कारण कडे वाटीवर आपटते आणि ऐन उपसताना हात अडखळतो.

म्यानाकडे लक्ष

लोक तलवारीवर हजारो रुपये खर्च करतात आणि म्यान जे मिळेल ते घेतात. खरे तर सुरक्षिततेच्या दृष्टीने म्यानाचे महत्त्व पात्याइतकेच आहे. जुन्या पद्धतीचे म्यान लाकडाच्या दोन फळ्या आतून कोरून, एकमेकींना चिकटवून आणि वरून चामडे किंवा मखमल चढवून केलेले असते. त्याच्या तोंडाशी आणि शेवटी धातूची टोपणे असतात, त्यांना मोहनाळ आणि तैनाळ म्हणतात. फळ्यांचा सांधा नेमका धारेच्या आणि पाठीच्या रेषेत येतो, आणि जुन्या म्यानात तो आधी धारेकडूनच उकलतो.

म्यान तपासताना तीन गोष्टी पाहाव्यात. तलवार म्यानात घालून उलटी धरली असता ती आपोआप घसरून बाहेर येता कामा नये. सरळ धरून ओढली असता ती एका हाताच्या बेताच्या जोराने सुटली पाहिजे. आणि तोंडापासून टोकापर्यंत धारेच्या बाजूने अंगठा दाबत नेला असता कोठेही सांधा दबता किंवा उघडता कामा नये. तलवार सैल बसत असेल तर तोंडाच्या आत, पात्याच्या सपाट अंगाला लागेल अशा रीतीने चामड्याची पातळ चकती चिकटवावी. धारेच्या बाजूला काहीही चिकटवू नये. फार घट्ट बसत असेल तर म्यान ओलाव्याने फुगले आहे का हे पाहावे. रायगडाचा सोहळा नेमका कोकणातल्या पहिल्या पावसाच्या तोंडावर येतो, आणि भिजलेले लाकूड पात्याला असे आवळते की दोन माणसांनी ओढल्याशिवाय तलवार निघत नाही. अशा वेळी ती ओढूच नये, कारण जोर लावून ओढलेली तलवार सुटते तेव्हा ताब्यात नसते.

परवानगी

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ नुसार सणासुदीच्या काळात तलवारी, भाले वगैरे बाळगण्यास मनाई करणारे आदेश अनेक जिल्ह्यांत निघतात. आपली तलवार बोथट आहे हे आपल्याला ठाऊक असते, रस्त्यावरच्या हवालदाराला ते दुरून कळत नाही. म्हणून आयोजकांनी कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करावा, त्यात शस्त्रांची संख्या आणि ती बोथट असल्याचे लिहावे, आणि परवानगीची प्रत प्रत्येक पथकप्रमुखाजवळ ठेवावी. रायगडासारख्या संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याची परवानगीही लागते. घरापासून कार्यक्रमस्थळापर्यंत तलवार कमरेला बांधून दुचाकीवरून जाऊ नये. ती कापडात गुंडाळून, दोरीने बांधून, गाडीत आडवी ठेवून न्यावी.

कमरेला तलवार बांधणे

प्रसंग सतराव्या शतकातला असेल तर अंगावर अंगरखा, खाली सुरवार किंवा चोळणा आणि कमरेला शेला असतो. केवळ शेल्यात म्यान खोचून तलवार टिकेल अशी अपेक्षा करू नये. छायाचित्रापुरते ते ठीक दिसते, पण पन्नास पावले चालल्यावर म्यान खाली घसरते आणि शेला सैल होतो. टिकाऊ बांधणीसाठी आत चामड्याचा पट्टा आणि बाहेर शेला असा दुहेरी आधार घ्यावा.

त्यासाठी चार ते पाच मीटर लांबीचा, सुती किंवा सुती मिश्रणाचा शेला घ्यावा, कारण निव्वळ रेशमी शेला सरकतो. प्रथम शेल्याचे दोन वेढे अंगरख्यावर, कमरेच्या हाडाच्या किंचित वर, घट्ट घ्यावेत. त्यावर दोन बोटे रुंदीचा चामडी पट्टा बांधावा आणि त्याची बकल उजव्या बाजूला ठेवावी, म्हणजे ती म्यानाला घासत नाही. म्यानाला साधारणपणे दोन कड्या असतात : एक तोंडाजवळ आणि दुसरी तिच्यापासून वीतभर किंवा थोड्या अधिक अंतरावर. पुढच्या कडीची वादी आखूड आणि मागच्या कडीची लांब ठेवली की मूठ पुढे व वर आणि टोक मागे व खाली अशी तलवार तिरपी लटकते. दोन्ही वाद्या पट्ट्यावर एकमेकींपासून सुमारे एक वीत अंतरावर अडकवाव्यात; एकाच जागी अडकवल्यास म्यान घड्याळाच्या लंबकासारखे झुलत राहते. नंतर शेल्याचा तिसरा वेढा पट्ट्यावरून घेऊन पट्टा आणि बकल झाकावी आणि शेल्याचे टोक उजव्या बाजूला खोचावे. डाव्या बाजूला लोंबणारे टोक दिसायला सुंदर असले तरी उपसताना ते मुठीत अडकते.

वक्र तलवार बांधताना बाकाची बाहेरची बाजू, म्हणजे धार, खाली येते आणि पाठ वर. जपानी तलवारींची दृश्ये पडद्यावर पाहून काही मुले धार वर करून तलवार खोचतात. ती त्या तलवारीची रीत आहे आणि तिच्या मुठीला ती शोभते, पण आपली वाटी आणि परज असलेली मूठ तशी धरताच येत नाही.

बांधून झाल्यावर सरळ उभे राहून पाहावे. म्यानाचे तोंड डाव्या कमरेच्या हाडाच्या चार बोटे पुढे असावे, मूठ बेंबीच्या पातळीच्या आसपास असावी आणि म्यानाचे टोक डाव्या पोटरीच्या मागे असावे. टोक जमिनीला लागत असेल तर मागची वादी आखूड करावी. मग वीस पावले चालावे, एकदा पायरी चढावी, एकदा उतरावे आणि एकदा खाली वाकावे. एवढ्यात बांधणी ढळली नाही तर ती मिरवणुकीत टिकेल.

कट्यार बांधायची असेल तर ती शेल्यात उजव्या बाजूला, दस्ता फार वर येणार नाही अशी खोचावी. पोटासमोर मधोमध खोचलेल्या कट्यारीचा दस्ता तलवारीकडे जाणाऱ्या उजव्या हाताच्या नेमका वाटेत येतो.

नऊवारी नेसून तलवार बांधणाऱ्या स्त्रियांची अडचण निराळी असते आणि तिच्याकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होते. नऊवारीच्या निऱ्यांवर बांधलेला पट्टा हळूहळू वर सरकतो, आणि पदर मोकळा असेल तर तो म्यानाच्या तोंडावर येतो. पदर पाठीवरून घेऊन कमरेला घट्ट खोवावा, त्यावर शेला बांधून मग पट्टा घ्यावा, आणि पट्टा कमरेच्या हाडावर थोडा खालीच ठेवावा. पट्टा तरीही सरकत असेल तर खांद्यावरून तिरपा जाणारा, उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंतचा पट्टा अधिक सोयीचा ठरतो. तो पदराच्या खाली नव्हे, वर असावा.

तलवार घेऊन वावरणे

तलवार बांधल्यावर आपल्या शरीराची मागची बाजू तीन फुटांनी वाढते, आणि ती आपल्याला दिसत नाही. सवयीने डावा हात मुठीवर ठेवून ती खाली दाबली की मागचे टोक वर उचलले जाते, आणि वळताना ते मागे उभ्या असलेल्या लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येते. गर्दीत डावा हात मुठीवर ठेवूच नये. तोंडाखाली वीतभर अंतरावर म्यान धरावे आणि ते पायाला लगटून, टोक खाली ठेवून चालावे. वळायचे असेल तर आधी मान वळवून मागे पाहावे, मग शरीर वळवावे.

बैठकीवर बसताना तलवार पट्ट्यातून सोडवून मांडीवर किंवा उजव्या अंगाला, मूठ आपल्याकडे करून ठेवावी. गडाच्या पायऱ्या चढताना ती कमरेला नसलेलीच बरी. मूठ आणि म्यान सुती दोरीने एकत्र बांधून, हातात आडवी धरून न्यावी आणि वर पोहोचल्यावर बांधावी. रायगडाच्या सुमारे दीड हजार पायऱ्या तलवार पायात अडकवत चढणे म्हणजे स्वतःचा आणि मागून येणाऱ्याचाही तोल धोक्यात घालणे आहे. घोड्यावर बसणाऱ्यांनी, चढ डाव्या बाजूने होत असल्याने, डाव्या हाताने म्यान मांडीच्या मागे धरावे. ज्या घोड्याला उपसलेल्या पात्याची सवय नाही, त्याच्यावर बसून तलवार मुळीच उपसू नये.

वक्र तलवार उपसणे

पुढील क्रिया प्रथम अतिशय सावकाश, एकेक टप्पा मोजत करावी. पहिल्या आठवड्यात साध्या कपड्यांत आणि दुसऱ्यात पूर्ण पोशाखात असा सराव केला तरच ऐन दिवशी बाही, शेला आणि घाम यांचा अडथळा येत नाही.

पहिला टप्पा पाहण्याचा. हात मुठीकडे नेण्याआधी समोर, डावीकडे, मागे आणि वर पाहावे. आपला हात आणि पाते मिळून सुमारे दीड मीटर अंतर सहज व्यापते. त्यामुळे चहूबाजूंनी सहा-सात हात जागा मोकळी असल्याशिवाय तलवार उपसू नये. वर पाहणे लोक विसरतात, आणि वरच मांडवाचे कापड, पताकांची दोरी किंवा विजेची तार असते.

दुसऱ्या टप्प्यात डावा हात म्यानावर येतो. तळहात वरून, म्हणजे पाठीच्या बाजूने ठेवावा, अंगठा आतल्या सपाट अंगावर आणि चारही बोटे बाहेरच्या सपाट अंगावर असावीत. बोटे खालून वळवून धारेच्या सांध्याभोवती कधीही गुंडाळू नयेत. सांधा उकललेला असेल तर पाते म्यानातून बाहेर येताना त्या फटीतून बोटाला लागते. माझ्या डाव्या तर्जनीवरचा व्रण अशाच एका जुन्या म्यानाने दिलेला आहे, आणि ती तलवार बोथट समजली जात होती. हात मोहनाळेच्या चार बोटे खाली असावा, एकही बोट तोंडाच्या पुढे येऊ नये.

तिसऱ्या टप्प्यात उजवा हात मुठीत जातो. तो वरून येतो, बोटे परजेच्या आतून जातात आणि अंगठा म्यानाच्या तोंडाच्या दिशेला राहतो. पकड पूर्ण झाली की म्यान डाव्या हाताने स्थिर धरून तलवार केवळ दोन बोटे वर उचलावी. मुठीखालच्या जिभा, म्हणजे मुठीतून पात्यावर उतरणाऱ्या छोट्या लोखंडी पट्ट्या, म्यानाच्या तोंडातून सुटल्याचे हाताला कळते. येथे क्षणभर थांबावे. एवढ्यात तलवार सुटली नाही, तर ती आज उपसायची नाही असे ठरवून हात खाली घ्यावा.

चौथा टप्पा ओढण्याचा. तलवार समोर सरळ ओढू नये. पात्याला बाक आहे, म्हणून मुठीनेही त्याच बाकाने, पुढे आणि मग वर असे जावे. कोपर उचलत नेला की ही वाट आपोआप साधते. ओढताना मुठीला किंचित वर उचलून धरावे, म्हणजे पात्याची पाठ म्यानाच्या वरच्या अंगावरून घसरते आणि धार खालच्या सांध्यावर घासत नाही. त्याच वेळी डाव्या हाताने म्यान मागे न्यावे आणि कमर थोडी डावीकडे वळू द्यावी. दोन हात एकाच लयीत विरुद्ध दिशांना गेले की तलवार ओढल्यासारखी वाटत नाही, म्यानच तिच्यावरून उतरल्यासारखे वाटते. खसखस असा आवाज आला तर पाते कोठेतरी अडत आहे असे समजावे. नीट उपसलेल्या तलवारीचा आवाज फारसा होत नाही.

पाचवा टप्पा सर्वांत धोक्याचा आहे, तो शेवटच्या चार बोटांचा. टोक म्यानात असेपर्यंत म्यान पात्याला आवरून धरते; टोक सुटताच ते मोकळे होते आणि हाताला जितका वेग असेल तितक्या वेगाने डावीकडून पुढे उसळते. म्हणून टोक सुटण्याच्या आधी हात मंद करावा, टोक बाहेर आल्याचे डोळ्यांनी पाहावे, आणि मगच ते आपल्याच अंगाच्या पुढून वर न्यावे. शेवटी मूठ उजव्या खांद्यासमोर, पाते उभे आणि धार पुढे असे स्थिर राहावे. डावा हात अजूनही म्यानावरच असतो. तो सोडला तर रिकामे म्यान हलके होऊन पायात येते.

प्रेक्षकांना झटक्याने उपसलेली तलवार आवडते हे खरे आहे. पण चौथ्या टप्प्यात वेग आणि पाचव्यात संथपणा हे ज्याला साधते, त्याची तलवार दुरून वेगवानच दिसते.

धोप

धोपेच्या बाबतीत एक मोजमाप आधी करावे. उजवी मूठ म्यानाच्या तोंडापाशी डाव्या कमरेवर ठेवावी, मग हात उजवीकडे वर पूर्ण ताणावा आणि या दोन जागांमधले अंतर कोणाकडून तरी मोजून घ्यावे. आपल्या धोपेचे पाते त्या अंतरापेक्षा लांब असेल, आणि बहुतेक वेळा ते असतेच, तर कमरेला पक्के बांधलेले म्यान ठेवून ती एका हाताने बाहेर येणार नाही. अर्धवट बाहेर आलेली लांब तलवार हात ताणलेल्या अवस्थेत धरून ठेवणे फार वाईट, कारण तेथे ना पुढे जाता येते ना मागे.

म्हणून धोप कमरेला वाद्यांनी न बांधता म्यानासह हातात घेऊन चालणे अधिक योग्य. दख्खनी लघुचित्रांतही सरदार लांब सरळ तलवार हातात धरून उभे असलेले दिसतात, तेव्हा हे पोशाखाशी विसंगत नाही. उपसताना म्यान डाव्या हातात, पोटासमोर तिरपे धरावे, दोन बोटे तलवार सैल करावी आणि मग उजवा हात उजवीकडे वर, डावा हात म्यानासह डावीकडे खाली असे दोन्ही हात एकदम उघडावेत. सोहळ्यात जागा कमी असेल तर सेवकाच्या भूमिकेतल्या माणसाने म्यान धरावे आणि तलवार धारण करणाऱ्याने ती वर उचलून घ्यावी. त्यात भूमिकेचा मानही राहतो.

ढाल आणि पथक

ढाल डाव्या हातात असेल तर म्यान धरायला हात उरत नाही. म्हणून ढाल आधी पाठीवर असावी, तलवार उपसून स्थिर झाल्यावर रिकामे म्यान शेल्याला टेकते आहे याची खात्री करावी आणि मग ढाल पुढे घ्यावी.

पथकाने एकत्र तलवारी उपसायच्या असतील तर दोन रांगा एकमेकींच्या मागे सरळ न ठेवता पायरीसारख्या सरकवून उभ्या कराव्यात. आज्ञा तीनच असाव्यात आणि त्या रोज त्याच शब्दांत असाव्यात : ‘सावध’, ‘मूठ धरा’, ‘उपसा’. दुसऱ्या आज्ञेनंतर पथकप्रमुखाने सर्वांचे डावे हात पाहावेत. एकाचाही हात चुकीचा असेल तर तिसरी आज्ञा देऊ नये. डावखुऱ्याने म्यान उजवीकडे बांधले असेल तर त्याला रांगेच्या उजव्या टोकाला, एक पाऊल अधिक अंतर देऊन उभे करावे, कारण त्याच्या तलवारीचे टोक उजवीकडे सुटते आणि तेथे मोकळी जागा असते. चौदा वर्षांखालच्या मुलांना लाकडी तलवारच द्यावी, हे माझे ठाम मत आहे.

म्यान करणे

उपसताना सर्वजण सावध असतात, म्यान करताना बहुतेकांचे लक्ष प्रेक्षकांकडे असते. म्यानाकडे न पाहता तलवार आत घालण्याची हौस तरुणांना असते; ती सोडावी. मान खाली घालून म्यानाचे तोंड पाहण्यात कसलाही कमीपणा नाही.

प्रथम थांबावे, पाय स्थिर करावेत. डाव्या हाताने म्यान पूर्वीसारखेच, सपाट अंगांवर बोटे ठेवून धरावे आणि त्याचे तोंड पुढे व थोडे वर आणावे. उजव्या हाताने पाते समोरून आडवे आणून टोक तोंडाच्या वर आणावे, धार खाली असल्याची खात्री करावी आणि टोक तोंडात ठेवावे. पात्याची पाठ डाव्या हाताच्या बेचक्यावरून घसरवत आणण्याची पद्धत काहीजण वापरतात, पण आपल्या पुष्कळ तलवारींना टोकाकडच्या भागात पाठीलाही कड असते, त्या भागाला पिपळा म्हणतात. त्यामुळे ही सवय लावून घेऊ नये. टोक आत गेल्यावर मूठ त्याच बाकाने परत आणावी, पाठ वरच्या अंगाला लागलेली ठेवावी आणि शेवटची दोन बोटे हलक्या दाबाने बसवावीत. मूठ आपटून म्यान केली की मोहनाळ फुटते, आणि पुढच्या वेळी तलवार उलटी धरल्यावर घसरते.

दुसऱ्याच्या हातात तलवार देताना ती म्यानातच द्यावी. उघडी देणे भागच असेल तर पाते उभे, धार आपल्याकडे आणि मूठ समोरच्याकडे ठेवावी, आणि त्याने ‘घेतली’ असे म्हटल्याशिवाय आपली पकड सोडू नये.

निगा

कार्यक्रम संपल्यावर तलवार त्याच संध्याकाळी म्यानातून काढावी. हाताचा घाम आणि पावसाचे पाणी एका रात्रीत पात्यावर तांबूस डाग उमटवतात, आणि ते डाग म्यानाच्या आतल्या बाजूलाही लागतात. मऊ सुती कापडाने पाते पाठीकडून धारेच्या दिशेने पुसावे, मुठीच्या आतल्या खाचा कोरड्या कराव्यात आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ थर द्यावा. तेल निथळू नये, कारण जादा तेल म्यानाच्या लाकडात मुरते आणि त्यावर धूळ बसते. म्यान भिजले असेल तर ते उन्हात नव्हे, सावलीत, तोंड खाली करून दोन-तीन दिवस वाळवावे. वर्षभरासाठी ठेवायची तलवार चामड्याच्या किंवा मखमलीच्या म्यानात ठेवू नये. तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी आडवी ठेवावी आणि म्यान वेगळे ठेवावे. खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी ती बाहेर काढली जातेच. त्याच दिवशी, हळद-कुंकू वाहण्याआधी, मुठीचा जोड थोपटून, म्यानाचा सांधा अंगठ्याने दाबून आणि पट्ट्याच्या वाद्या ओढून पाहाव्यात, आणि पूजा झाल्यावर पात्यावरचे ओले कुंकू तेथेच कोरड्या कापडाने पुसून घ्यावे.